मेंदीखालची नखं

बहरीनमध्ये मनामाच्या बाजारामागे आमची बिल्डिंग होती आणि तिच्यात कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यात उभं राहिलं की कळायचं. तळमजल्यावर शिवदास ड्रायव्हरकडे सुके बोंबील. पहिल्यावर बँकवाल्या हेमचंद्रांच्या बायकोकडे, नीलाकडे, तुपातली जिऱ्याची फोडणी. गच्चीवरच्या खोलीत पांडुरंग वायरमन एकटा राहायचा, त्याच्याकडे रोज डाळभात, आणि भात रोज करपलेला. दुसऱ्या मजल्यावर रत्नाबाईचं दार. तिथून वास यायचा फक्त चहाचा. सकाळी चहा, दुपारी चहा, दिवेलागणीला पुन्हा चहा. खरं तर एवढ्यावरूनच कुणीतरी काहीतरी ओळखायला हवं होतं. पण आमच्या बिल्डिंगची नाकं लांब होती ती दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायला. वास घ्यायला त्यांना सवड कुठली?

रत्नाबाई वेंगुर्ल्याकडची. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, लग्नाच्या सहाव्या वर्षी तापाने गेला. मूल नाही. मग भावाचं घर. त्या घराच्या पडवीत एका बाजूला पावसाळ्याची लाकडं आणि दुसऱ्या बाजूला रत्ना, अशी व्यवस्था होती. भावजय वाईट नव्हती हो. फक्त पाहुणे आले की म्हणायची, "ती होय? ती आमच्याकडेच असते." जशी काही मांजर.

शहात्तर साली मुंबईच्या एका एजंटाने तिला बहरीनमध्ये जुफैरला एका इंजिनियरच्या घरी मूल सांभाळायला पाठवलं. निघण्याआधी त्या एजंटाने तिचा हात उलटा करून नखं पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "फिकी आहेत. तिकडे मेडिकलला पहिली नखं बघतात, बाई. नख फिकं दिसलं की पुढच्या विमानाने परत." मग खणातून टॉनिकची बाटली काढून तिच्या गळ्यात मारली. बाटली तीन आठवड्यांत संपली. वाक्य मात्र सात वर्षं पुरलं.

इंजिनियरचं कुटुंब एकोणऐंशीत परत गेलं. बाईसाहेब ज्या लेडीज सलूनमध्ये केस कापायला जायच्या त्याची मालकीण जुबैदा. तिने रत्नाबाईला ठेवून घेतलं, व्हिसा आपल्या नावावर केला, आणि रत्नाबाईने आमच्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली. दहा बाय दहाची, एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. पण दाराला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली तिची होती. वयाच्या चाळिसाव्या वर्षी मिळालेली आयुष्यातली पहिली किल्ली. ती तिने काळ्या गोफात ओवून गळ्यात घातली. जिथे कधी मंगळसूत्र होतं तिथे आता किल्ली, आणि खरं सांगायचं तर तिने मंगळसूत्रापेक्षा जास्त दिवस सांभाळली.

सलूनमध्ये तिच्याकडे हातांचं काम आलं. कोमट पाण्याच्या वाटीत बोटं बुडवायची, पुसायची, नखांना कानस लावायची, पॉलिश लावायचं. वर्षभरात ती नखं अशी वाचू लागली की जोशीबुवांनी पंचांग मिटावं. कानस ती एकाच दिशेने फिरवायची. कुणी करवतीसारखी पुढेमागे घासताना दिसलं की हातातून काढून घ्यायची. "लाकूड हा काय? नख आसा ता. पदर सुटतले." नखाच्या बुडाशी चामडीची जी बारीक कड असते ती कापायला तिचा सक्त विरोध. ती म्हणजे दाराची कडी, ती काढली की नखुरडं आत शिरलंच. रोज पॉलिश लावणाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस नखं उघडी ठेवायला लावायची आणि निजताना खोबरेल चोळायला सांगायची. तिकडचं खारं पाणी, धुण्याची पावडर आणि दिवसभर एअरकंडिशनर, या तिघांनी मिळून नखांचे पापड केलेले असायचे.

आणि खुणा. नखावर पांढरा ठिपका आला की नवे कपडे मिळतात असं आपल्याकडे पोरं म्हणतात. रत्नाबाई म्हणायची, कपडे नाहीत, कुठेतरी नख आपटलंय. उभ्या रेघा वयाच्या. पण सगळ्या नखांवर एकाच ठिकाणी आडवी खाच दिसली की ती गप्प व्हायची. तशी खाच म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वी काहीतरी मोठं घडून गेलेलं. जोराचा ताप, नाहीतर जबर धक्का. नख तेवढे दिवस वाढायचं थांबतं आणि मग खाच घेऊन पुढे चालू लागतं. एकदा एका तरुण मुलीची बोटं हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "फेब्रुवारी में बहुत तकलीफ हुआ ना?" ती मुलगी खुर्चीतच रडायला लागली. जुबैदाने नंतर झापलं, "रत्ना, पॉलिश लगाओ, रुलाओ मत. यल्ला!"

दुसऱ्यांची नखं वाचणाऱ्या या बाईला स्वतःच्या नखांकडे बघायला फुरसत कधी झाली, तर त्र्याऐंशीच्या रमजानमध्ये.

त्या साली रमजान ऐन जूनमध्ये आला. वर आग, खाली आग. ईदच्या आधीचे पंधरा दिवस सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. रत्नाबाईची बोटं दिवसाला वीस-वीस वेळा रिमूव्हरमध्ये आणि साबणाच्या पाण्यात. एका दुपारी हात पुसताना तिला दिसलं की डाव्या हाताचं मधलं नख मध्ये खोलगट झालंय आणि कडा वर आल्यात. तिने उजवा हात पाहिला. तिथेही तेच. नखांचा रंग तर तांदळाच्या पिठासारखा.  नखांचं काय व्हायचं ते होवो, पण तिचा व्हिसा ऑगस्टमध्ये रिन्यू व्हायचा होता आणि एक तारखेला मेडिकल होती.

सात वर्षांपूर्वीचं एजंटाचं वाक्य टुणकन उडी मारून समोर उभं राहिलं. नख फिकं दिसलं की पुढच्या विमानाने परत. परत म्हणजे कुठे? पडवीत. लाकडांच्या समोर. "ती आमच्याकडेच असते."

कुणाला विचारावं तर विचारायचं कुणाला? जुबैदाला सांगितलं तर ती म्हणेल, आजारी बाई मला मफी, नकोच. शिवदासला सांगणं म्हणजे बहरीन रेडिओला सांगणं. तो कंपनीची बस घेऊन रोज पहाटे सित्र्याच्या रिफायनरीला जायचा. सकाळी बसमध्ये सोडलेली बातमी दुपारच्या शिफ्टपर्यंत रिफायनरीच्या पलीकडच्या गेटातून बाहेर पडायची. नीलाला सांगावं? नीला पुण्याची, मनाने चांगली, पण प्रत्येक गोष्टीवर "अगंबाई!" म्हणणारी. त्या "अगंबाई"ला रत्नाबाई घाबरायची.

तिने आधी पॉलिशचा विचार केला. पण मेडिकलला पॉलिश पुसून या असं सांगतात, हे तिला ठाऊक होतं. मग ईदच्या आदल्या दुपारी सलूनच्या मागच्या खोलीत तिला मेंदीचं भांडं दिसलं. तळाशी उरलेलं, दाट, काळपट हिरवं. पॉलिश पुसता येतं. मेंदी कोण पुसणार? आणि ईदच्या दिवसांत अख्ख्या बहरीनच्या बायकांची नखं लाल, त्यात आपली दहा कुणाला दिसतात? तिने दहाही नखांवर मेंदी थापली, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि दोन तास तशीच बसली. पिशव्या काढल्या तर नखं पिकल्या सुपारीसारखी. फिकेपणाचा मागमूस नाही. कित्येक दिवसांनी ती स्वतःशी हसली.

बाई हुशार खरी. फक्त एक गोष्ट विसरली. ती राहत होती आमच्या बिल्डिंगमध्ये.

पहिला शिवदास. जिन्यातच गाठलंन. "रत्नाबाय, ईद तुमकाय इली काय?"

"सलूनात मेंदीच्या भांड्यात हात बुडालो."

"दहाय बोटां एकदमच बुडाली?"

ती वर निघून गेली. शिवदासने खाली जाऊन बायकोला, रखमाला, सांगितलं. रखमाने नीलाला. विधवा बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि नखांना मेंदी! कुणाच्या नावाची? मग शोध सुरू झाला. खुब्जच्या, म्हणजे तिकडच्या रोटीच्या, भट्टीवरचा इराणी म्हातारा दोन दिवस यादीत होता. पण त्याला दात नव्हते म्हणून नाव कटलं. तेवढ्यात कुणालातरी आठवलं की मे महिन्यात पांडुरंगाने तिचा पंखा दुरुस्त करून दिला होता. फुकट! खलास. आणखी पुरावा काय हवा?

पांडुरंग म्हणजे पन्नाशीचा, मालवणचा, बोलायला दिवसाला दहा शब्द मिळाले तर त्यातले चार उरवणारा माणूस. शिवदासच्याच बसने सित्र्याला जायचा. पहाटे गच्चीवरून उतरताना रत्नाबाईचं दार अर्धं उघडं असायचं, आत स्टोव्हवर चहा असायचा. तो पाय न थांबवता म्हणायचा, "काय रत्नाबाय, बरां मां?" ती आतून म्हणायची, "बरां." झालं. चार वर्षं एवढंच. प्रेमकथा म्हणावी तर मजकूर फार कमी. पण रत्नाबाईला दिवसभरात आपल्या बोलीत कुणी विचारलेली ती एकच गोष्ट होती, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत?

बसमध्ये शिवदासने पांडुरंगाला काय चिडवलं कुणास ठाऊक. बहुतेक मुंडावळ्यांचं काहीतरी असावं, शिवदासला दुसरा विनोद येत नाही. तिसऱ्या दिवसापासून पांडुरंग तिच्या दारावरून जाताना बूट हातात घेऊन उतरू लागला. अनवाणी. आवाज न करता. आत चहा उकळत असायचा आणि रत्नाबाई कान देऊन बसलेली असायची. मग खाली बसचा हॉर्न वाजायचा. म्हणजे तो गेलासुद्धा. आधणात साखर घालायची ती विसरायची आणि मग बिनसाखरेचाच चहा, कालच्या खुब्जचा तुकडा बुडवून.

शुक्रवारी सुट्टी. संध्याकाळी नीलाकडे भजन असायचं. हेमचंद्र पेटी वाजवायचे, बायका सतरंजीवर बसायच्या. ईदनंतरच्या शुक्रवारी रत्नाबाई नेहमीसारखी भिंतीकडेला बसली. तिच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. पुढच्या शुक्रवारी दोन माणसं बसतील एवढी. कुणी उठ म्हटलं नाही. फक्त सतरंजी तिच्याभोवती रुंद होत गेली.

भजन संपल्यावर नीलाने तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "रत्नाबाई, वाईट वाटून घेऊ नका हं. पण बायका बोलतात."

"कोण बायका?"

"अहो, सगळ्याच."

सगळ्याच म्हणजे नीला आणि रखमा. बिल्डिंगमध्ये तिसरी बाई होती ती रत्नाबाई स्वतः.

"काय बोलतात?"

"हेच आपलं. नखांचं." नीलाने स्वतःची गुलाबी पॉलिशची नखं पदरात लपवली, जणू तिचीच चोरी पकडली गेली होती. "काही असेल तर सांगा ना. आम्ही काय परके आहोत?"

तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर नाव धुऊन निघालं असतं. पण नीलाने हेमचंद्रांना सांगितलं असतं, हेमचंद्रांच्या बँकेत जुबैदाचं खातं. मेडिकलला अजून दहा दिवस होते. बदनाम नाव घेऊन या खोलीत राहता येतं. पण नाव चांगलं राहिलं आणि खोलीच गेली तर? रत्नाबाईने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"काय नाय," ती म्हणाली. "हौस इली."

नीला म्हणाली, "अगंबाई!"

ऑगस्टची एक तारीख. मेडिकलच्या रांगेत ती पांढरी साडी नेसून बसली होती आणि तिची दहा लाल बोटं मांडीवर शाळकरी पोरींसारखी एका ओळीत ठेवलेली होती. आत डॉक्टर अकीला होत्या. हैदराबादच्या, साठीच्या उंबऱ्यावर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी एक्सरे पाहिला, ठीक. छाती तपासली, ठीक. मग हात धरला, नख दाबलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ये मेंदी किस खुशी में?"

"ईद थी ना, डॉक्टरबाई."

"ईद को बीस दिन हो गए. और कागज पे तो तुम हिंदू हो."

"सलून में काम करती. हाथ को लगता है."

"सिर्फ नाखून को लगता है? हथेली को नहीं?"

रत्नाबाईने तळवा उलटा केला. तळवा स्वच्छ. वीस दिवस आमच्या अख्ख्या बिल्डिंगला जे सुचलं नाही ते या बाईने अर्ध्या मिनिटात विचारलं.

"ऊपर देखो," म्हणत डॉक्टरांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. आतला रंग कागदासारखा. "यहाँ मेंदी लगाना भूल गई तुम."

मग त्यांनी टेबलावरच्या बाटलीतून ड्रॉपरने पाणी घेतलं आणि तिच्या मधल्या नखावर एक थेंब सोडला. थेंब घरंगळला नाही. नखाच्या खळग्यात टच्च बसून राहिला, चमच्यात बसावा तसा. पंख्याचा वारा लागून थरथरला, पण पडला नाही. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

रत्नाबाईचा धीर तिथेच सुटला. "डॉक्टरबाई, मेरे को वापस मत भेजो. गाव में मेरा कुछ नहीं. एक कमरा है मेरा, इधर. उसकी चाबी है." आणि तिने गळ्यातली किल्ली बाहेर काढून दाखवली. पासपोर्ट दाखवावा तशी.

"किसने कहा वापस भेजेंगे?"

"मुंबई का एजंट बोला."

"कब बोला?"

"छिहत्तर में."

डॉक्टर हसल्या आणि मग तिचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "सुनो. खून कम है. बीमारी है, गुनाह नहीं. खून कम होने पे लोगों को भेजने लगे तो आधा बहरीन खाली हो जाएगा. तुम फिट हो." ठप्प करून शिक्का मारला. "अब बताओ, खाती क्या हो?"

"सुबह चाय-खुब्ज."

"दोपहर?"

"खुब्ज. चाय."

"रात को?"

रत्नाबाई किल्ली परत पदराआड सारू लागली.

"सालन? दाल? भाजी? पकाती नहीं?"

"अकेले के वास्ते कौन पकाता, डॉक्टरबाई? चूल्हा भी हसता है."

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाहेर रांग होती, नर्स दोनदा डोकावून गेली होती. त्या खालमानेने लोहाच्या गोळ्या लिहू लागल्या. "ये रोज एक, नींबू-पानी के साथ. खाने के दो घंटे तक चाय नहीं, चाय सब लोहा मार देती है. हरी भाजी, दाल, खजूर. छह महीने में नया नाखून आएगा, सीधा." कागद पुढे करताना त्यांनी विचारलं, "साथ में खाने वाला कोई नहीं?"

या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नव्हता. रत्नाबाईने कागदाची घडी घातली.

ती घरी आली, कुलूप उघडलं, आत बसली. सुटकेचा आनंद व्हायला हवा होता. झाला, पण थोडा वेळ. मग खोली एकदम मोठी वाटायला लागली. महिनाभर तिच्याबरोबर त्या खोलीत भीती राहत होती. उठताना, बसताना, निजताना सोबतीला होती. आता तीही सामान बांधून गेली. समोर भिंत, वर पांडुरंगाने दुरुस्त केलेला पंखा. तो मात्र बिनआवाज चालत होता. थोडी कुरकुर ठेवायला हवी होती, असं तिला वाटलं.

शुक्रवारी ती भजनाला गेली. सतरंजी तेवढीच रुंद होती. बसली आणि नीलाला म्हणाली, "नीलाताई, वाटीभर पाणी द्या. आणि चमचा."

नीलाला वाटलं औषध घ्यायचंय. रत्नाबाईने हात सगळ्यांसमोर धरला आणि मधल्या नखावर चमच्याने थेंब सोडला. थेंब बसून राहिला. मग तिने सगळं सांगितलं. एजंट, टॉनिक, पडवी, मेंदी, डॉक्टर. एका सुरात, भाजीचा भाव सांगावा तसं. कुणी "अगंबाई" म्हटलं नाही. पांडुरंग दाराशी चपलांपाशी बसला होता. त्याने मान इतकी खाली घातली की फक्त टक्कल दिसत होतं.

शिवदासला शांतता सोसत नाही. "म्हणजे मेंदी आमच्या पांडुरंगाच्या नावाची नाय?"

"गप रव, मेल्या!" रखमा कडाडली. आणि हसू दाबत तिने स्वतःचा हात पुढे केला. "बगया माझा." थेंब पडला, घरंगळून सतरंजीवर गेला. बोंबील फुकट जात नाहीत.

"आता माझं," नीला हसत म्हणाली. गुलाबी पॉलिशवर थेंब पडला. बसून राहिला.

"पॉलिशमुळे असेल," नीला म्हणाली.

"पॉलिशवरना तर आधी पडूक व्हयो," रत्नाबाई म्हणाली. तिने नीलाचं बोट हातात घेतलं, गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, आणि अंगठा नखावरून हळूच फिरवला. "नीलाताई, दुपारचं काय जेवता?"

"मी? मी ना..." नीला नवऱ्याकडे बघायला लागली, मग कपाटाकडे. "हे बँकेत असतात. मुलं शाळेतून खाऊन येतात. मग माझ्या एकटीसाठी काय... बिस्किटं असतात की. चहाबरोबर."

तुपाची फोडणी संध्याकाळची होती. दुपारी त्या घरातून कसला वास येतो, हेही आम्ही कधी हुंगलं नव्हतं.

हेमचंद्र पेटीचा भाता उघडून बसले होते. त्यांनी तो मिटला, पुन्हा उघडला. "सुरू करायचं ना?" ते म्हणाले. रखमा सरकून रत्नाबाईच्या शेजारी आली. सतरंजी जराशी आखडली. भजनात त्या दिवशी सूर कुणाचाच लागला नाही.

आता तुम्हाला वाटेल की मग दोघी रोज दुपारी एकमेकींकडे जेवू लागल्या. लागल्या, सव्वा महिना. नीला मेथी निवडून ठेवायची, रत्नाबाई दुपारच्या सुट्टीत यायची. मग हेमचंद्रांची बदली दुबईला झाली आणि नीला जाताना लोखंडी कढई रत्नाबाईला देऊन गेली. पहिल्या मजल्यावर केरळचं कुटुंब आलं. चांगली माणसं. पण भाषा नाही.

मेंदी काही पुसली जात नव्हती. ती नखाबरोबर पुढे सरकत होती. सप्टेंबरात बुडाशी चंद्रकोरीएवढी कोरी जागा आली, दिवाळीला नख अर्धं झालं. खालचं नवं नख गुलाबी आणि सपाट, वरचं जुनं लाल आणि खोलगट. मधली रेघ अशी ठळक की सलूनमध्ये एकीने विचारलं, ही नवी फॅशन काय? रत्नाबाई म्हणाली, "हां. छह महीना लगता है."

जानेवारीत, थंडीच्या एका सुट्टीच्या संध्याकाळी, तिने शेवटची लाल कड कापली. दहा तुकडे कागदात गोळा केले. आईने शिकवलं होतं, नखं घरात सांडू नयेत. पण कागद टाकायला हात होईना. शेवटी उठून टाकून दिला.

मग तिने भावजयीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली कुळथाच्या पिठाची पिशवी काढली. एकटीसाठी कशाला, म्हणून बांधलेलीच राहिलेली. नीलाच्या लोखंडी कढईत लसूण ठेचून फोडणी दिली, कोकम टाकलं, पीठ कालवून ओतलं. कुळथाच्या पिठीचा वास काय असतो ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. तो दाराखालून निघाला, जिन्यात गेला, वर गच्चीपर्यंत चढला आणि खाली शिवदासच्या बोंबलांना त्याने पहिल्यांदा मागे सारलं.

जिन्यात बुटांचा आवाज आला. हो, बुटांचाच. पांडुरंग बाजारातून परत येत होता आणि बूट पायांत होते. ऑगस्टपासूनच पायांत होते. पण बोलणं मात्र अजून परत आलं नव्हतं, लाजेने अडकलं होतं. दारासमोर आवाज थांबला.

"काय रत्नाबाय." बाजाराची पिशवी खरखरली. "पिठी वाटता."

"होय."

"बरां मां?"

"बरां."

बूट वर निघाले. एक जिना, वळण, दुसरा जिना. रत्नाबाईने भराभर दुसरी वाटी काढली, पिठी ओतली, वर झाकण ठेवलं आणि दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. गच्चीचं दार वाजलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तळमजल्यावर शिवदास उभा असणार, कान वर करून. तो असायचाच.

ती आत आली. दोन्ही वाट्या समोर घेऊन बसली. आधी आपली संपवली, मग दुसरी. डॉक्टरबाईंना बरं वाटलं असतं. चहा मात्र तिने दोन तास ठेवला नाही.